व्हिनेगर शून्य

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. आधी ठण्ण करून आपटलं, मग फरशीवर गोल गोल फिरत, स्वतःशीच कुरकुरत, एकदाचं आडवं झालं. रविवारच्या दुपारची जी शांतता आईने थोपटून, दटावून, पडदे ओढून कशीबशी जमवली होती, तिचा तेवढ्याने चुराडा झाला. आतून रडणं आलं नाही, पावलं आली. ते जास्त वाईट. रडणारं मूल परत थोपटता येतं, चालत आलेल्या मुलाचं काही करता येत नाही.

"काय पडलं?" भिंगरीने विचारलं. केस एका बाजूने उभे, गालावर उशीची शिवण उमटलेली.

"झाकण."

"कुणी पाडलं?"

"तुझ्या बाबाने."

बाबा स्वयंपाकघराच्या दारात बिस्किटांचा डबा घेऊन उभा होता. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासतो आणि घरी आला की त्याला हातातल्या डब्याला झाकण आहे हे दिसत नाही. "मी फक्त उघडत होतो," तो म्हणाला. घरातल्या सगळ्या अपघातांची सुरुवात याच वाक्याने होते.

तिने पेन ठेवलं. समोरच्या कागदावर जंतूच्या पोटाचा नकाशा होता, नुसते बाण. साखर इथून आत शिरते, इथे मोडते, एक फाटा इकडे, दुसरा तिकडे. भिंगरी मांडीवर चढली आणि तिने एका बाणावर बोट ठेवलं.

"हा रस्ता कुठे जातो?"

"व्हिनेगरकडे."

"त्याच्यावर फुली का?"

"तो बंद केलाय."

"कुणी?"

"आमच्या सरांनी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की नवऱ्याने बिस्किट खाता खाता वर पाहिलं.

तिचं काम थोडक्यात असं होतं: टाकीत वाढवलेल्या जंतूंना साखर खायला घालायची आणि त्यांच्याकडून एक आम्ल करून घ्यायचं. त्या आम्लाचं पुढे प्लॅस्टिक होतं, मातीत कुजणारं. आजवर ते आम्ल खनिज तेलातून काढत आले. जंतूंनी केलं तर फार बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. जंतूंचं मत कुणी विचारलं नव्हतं. जंतू साखर खातो ती काही आपली भर करायला नाही. थोडी तो अंगी लावतो, थोडी डागडुजीला, थोडी पुढच्या पिढीला, आणि खायला भरपूर मिळालं की घाईघाईत उरलेल्याचं व्हिनेगर करून बाहेर टाकून देतो. टाकता टाकता त्याच्या पदरात चिमूटभर शक्ती पडते. त्या चिमटीवर त्याचं बरंच घर चालतं.

हे तिच्या संशोधन संस्थेतल्या विभागप्रमुखांना बघवत नसे. त्यांना मागे सगळे कात्री सर म्हणत. संस्थेत आल्या आल्या त्यांनी चहाबरोबरची बिस्किटं कापली, मग चहा कापला, मग जिन्यातले निम्मे दिवे. सहीला कागद नेला की सही करण्याआधी एक ओळ कापायचेच. यांना लग्नाची पत्रिका दिली तर नवरदेवाचं नाव तरी नक्की राहील का, अशी शंका टाकी सांभाळणाऱ्या टाकीवाल्याला होती. सर जंतूंच्या कामात उतरले तेव्हा जंतूंच्या पोटातही तीच कात्री चालली. "साखर माझी," ते म्हणत, "आणि हा लेकाचा व्हिनेगर करणार? काप तो मार्ग." तो कापला. मग दुसरा. मग आणखी एक, ज्याचा उपयोग काय ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण सरांच्या मते ठाऊक नसणं हेच उपयोग नसल्याचं लक्षण.

"शुक्रवारी प्लॅस्टिकच्या कारखान्याची माणसं येतायत," ती नवऱ्याला म्हणाली. "टाकी चालली तर ते दुसरी टाकी देणार. मोठी."

"आणि ती बसणार पाळणाघरात."

"हो."

संस्थेचं पाळणाघर ही एक पूर्वीची धुण्याची खोली होती. नळ होता, पाण्याचा निचरा होता, फरशीला कोपऱ्याकडे उतार होता. त्यामुळे मुलांचे चेंडू, खडू, एकदा तर एका बाळाची दुधाची बाटली, सगळं घरंगळत त्याच कोपऱ्यात जमा व्हायचं. टाकीला हवं ते सगळं तिथे आयतं होतं. सरांनी दोनदा येऊन टेपने भिंत मोजली होती. ती खोली गेली की भिंगरी आत्याकडे. आत्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची आणि दोन बसगाड्या बदलून पोचावं लागायचं. म्हणजे सोमवार ते शुक्रवार भिंगरी तिथेच, आणि आईने लेकीला जागं बघायचं ते शनिवार-रविवारी.

"मग सोपं आहे," नवरा म्हणाला. "तूच म्हणतेस सरांचा जंतू वाढत नाही. नाही ना वाढत? मग तोच घाल टाकीत. टाकी फसेल, पाळणाघर वाचेल."

"आणि माझं काम?"

"तुमच्याकडे काम फसलं म्हणून कुणाला काढलंय? उलट मुदत वाढवून देतात. एकदा तरी सांगितलेलं ऐक ना गं. ऐकून कुणाचं वाईट झालंय?"

तिने कागद उलटा केला. एक गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. भिंगरी दुपारची झोपायची, त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत, पाळणाघराच्या भिंतीपलीकडे बसून तिने सरांनी कापलेला एक मार्ग परत जोडला होता. पूर्ण नाही. मिणमिणता. व्हिनेगरचा नळ पूर्वी धो धो वाहायचा, तो तिने थेंब थेंब गळेल इतकाच उघडला होता. त्या जंतूच्या नळीवर भिंगरीच्या स्टिकरच्या पाकिटातलं बदकाचं चित्र चिकटवलं होतं, कारण दुसरं काही लिहायचं तिचं धाडस नव्हतं.

सोमवारी बैठक झाली. पडद्यावर एकच आकडा होता, थाळीएवढा: व्हिनेगर शून्य.

"याला म्हणतात शिस्त," कात्री सर म्हणाले. "खाल्लेल्या साखरेचं जवळजवळ सगळं आम्ल. सगळं. जगात कुणाचे इतके टक्के नाहीत."

माना डोलल्या. टाकीवाला छताकडे बघत होता. हसू आलं की तो छताकडे बघतो.

"सर," ती म्हणाली, "पण खाल्ली किती?"

"काय?"

"साखर. त्यांनी खाल्ली चिमूटभर. त्या चिमटीचं सगळं आम्ल झालं हे खरं आहे. बाकीची पिशवीभर साखर तशीच पडलीय. ते वाढतच नाहीत, सर."

"मॅडम, वाढ ही उधळपट्टी आहे."

"सर, अंगात त्राण नाही म्हणून ते उधळत नाहीयेत."

"हेच. हेच आपल्या लोकांचं होतं." सर सगळ्यांकडे वळले. "सगळं छान चाललेलं असताना कुणीतरी विचारतं, तब्येत कशी आहे. अहो, आपण त्यांना नोकरीला ठेवलंय, दत्तक नाही घेतलं." हशा झाला. मग ते प्रेमळ आवाजात म्हणाले, "तुमचंही तेच होतं, मॅडम. हुशार आहात, पण बाजूचे फाटे फार. सहा वाजले की तुमचं लक्ष घड्याळात."

"पाळणाघर सहाला बंद होतं, सर."

"तेच म्हणतोय मी. तोही एक फाटाच."

बैठकीनंतर टाकीवाल्याने तिला जिन्यात, अंधाऱ्या बाजूला गाठलं. "ताई, व्हिनेगर शून्य म्हणजे काय सांगू? आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं विजेचं बिल एकदा शून्य आलं. सगळे म्हणाले, वा, काय काटकसर. चार दिवसांनी कळलं, म्हातारा केव्हाच लेकाकडे राहायला गेलाय."

ती हसली आणि तशीच पाळणाघरात गेली. मुलं झोपली होती. मावशी भिंतीला टेकून, पाय लांब करून, कुणाच्या तरी मोज्याचं भोक शिवत होती. मुलांना सांभाळण्यात तिचे केस पांढरे झाले होते, आणि सगळ्या आयांना ती त्यांच्या मुलांच्या नावांनीच ओळखायची.

"या, भिंगरीच्या आई. काय म्हणतात तुमचे किडे?"

"किडे नाहीत हो मावशी, जंतू."

"तेच ते. खातात-पितात ना नीट?"

"एक खातो. एक नाही."

"न खाणाऱ्याचं आधी बघावं," मावशी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. "ते साहेब पुन्हा टेप घेऊन आलेले. झोपलेल्या पोरांच्या डोक्यावरून टेप ताणली. मी म्हटलं, साहेब, पोरांची उंची घेताय का? तर म्हणे, नाही, खोलीची." तिने मोजा उलटा करून बघितला. "मला आपलं सांगून ठेवा गं वेळेवर. मी बहिणीच्या दुकानात बसेन. माझं काही नाही."

माझं काही नाही असं म्हणणाऱ्या माणसाचं नेमकं काय असतं, ते तिला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही. भिंगरी तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या मुठीत खडूचा तुकडा होता. आईने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले, ते परत तिथेच आले.

बुधवारी सकाळी हलत्या पाटावर काचेचे दोन चंबू पाळण्यासारखे झुलत होते. रात्रभर त्यांना ऊब आणि साखर मिळाली होती. एकात सरांचा जंतू, दुसऱ्यात बदक. तिने दोन्ही उजेडाकडे धरले. सरांच्या चंबूतून पलीकडचा टाकीवाला स्वच्छ दिसत होता, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा. बदकाचा चंबू तांदूळ धुतल्या पाण्यासारखा गढूळ होता. आत दाटी होती. नांदतं घर.

"कोणता ओतू?" टाकीवाल्याने टाकीचं तोंड उघडायची तयारी करत विचारलं.

तिने दोन्ही चंबू खाली ठेवले.

"ताई, सांगतो, राग मानू नकोस. त्यांचा जंतू, त्यांची टाकी, त्यांचंच नाक. तू नुसती हाताची घडी घालून उभी राहा, बाकी सगळं आपोआप फसतंय. देवाने इतकी सोय कुणाची केली नसेल."

खरंच सोय होती. आयुष्यात पहिल्यांदा आज्ञा पाळण्यात फायदा होता. तिने सरांचा चंबू उचलला. उचलून धरला. पाच वर्षं, भिंगरी पोटात होती तेव्हापासून, ती या जंतूंच्या मागे होती. उलट्या होत असताना तिने त्यांना साखर मोजून घातली होती. आणि हा समोरचा, ठिकठिकाणी कापलेला, आरशासारखा स्वच्छ चंबू, याला टाकीत ओतून दोन दिवस सगळ्यांसमोर गंभीर चेहरा करून उभं राहायचं. एखादीला वाकडी शिवण घालताच येत नाही, ठरवलं तरी हात सरळ जातो, तसं काहीतरी तिच्या हाताला झालं. त्यात मिजास नव्हती असं नाही. होती. पण तिच्या मनात एक भाबडा हिशेबही होता: कारखान्याच्या माणसांत एखादं तरी शहाणं असेल, त्याला कळेल की जंतूला जगू दिलं म्हणूनच काम झालं, आणि ज्याला हे कळतं तो पोरांची खोली कशाला घेईल?

तिने चंबू खाली ठेवला. "बदक," ती म्हणाली.

टाकीवाल्याने छताकडे बघितलं. या वेळी तो हसत नव्हता.

शुक्रवारी टाकी फेसाने तुडुंब होती आणि खोलीभर ओल्या पावासारखा वास होता. कारखान्याकडून दोन पुरुष आणि एक बाई आले. पुरुष कोट घालून सरांचं ऐकत होते, बाई चष्मा डोक्यावर सारून मोजणी यंत्राचा कागद वाचत होत्या. आम्ल इतकं झालं होतं की कात्री सरांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला आणि तिसऱ्यांदा स्वतःच ऐकून घेतला.

"हे कशाने झालं?" सर म्हणाले. "कापण्याने. हा जीव स्वतःसाठी काहीही करत नाही. काहीही. त्याला स्वतःचं असं आयुष्य आम्ही ठेवलंच नाही."

"मग हे व्हिनेगर कुठून आलं?" कारखान्याच्या बाईंनी विचारलं.

"कोणतं?"

"हे. थोडंसंच आहे. पण तो मार्ग कापला असेल तर इतकंही यायला नको."

सर कागदाकडे बघू लागले. मग यंत्राकडे. मग टाकीवाल्याकडे, कारण यंत्र दोषी ठरेना तेव्हा माणूस शोधावा लागतो. टाकीवाल्याचा चेहरा पडलेला पाहून ती पुढे झाली.

"मी परत जोडला," ती म्हणाली. "तो मार्ग. अगदी बारीक. सगळा बंद केला की त्यांना शक्ती मिळत नाही, ते खातच नाहीत. थोडं स्वतःसाठी करू दिलं तर आपल्यासाठी पुष्कळ करतात. कापलेला जंतू त्या चंबूत आहे. बघा, आरपार दिसतं."

टाकीतला फेस तेवढा फुसफुसत होता. कात्री सरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग विचार आला, आणि मग, डोळ्यांदेखत, एक नवीनच तत्त्वज्ञान आलं.

"अर्थात," ते म्हणाले. "मी यांना पहिल्यापासून सांगत आलो. कापायचं कुठे हे कुणालाही कळतं. सोडायचं कुठे, तिथे अनुभव लागतो." ते तिच्याकडे वळून मायेने हसले. "आमच्या मॅडमनी ते फार छान हाताने केलं."

"आणि हे बदक कसलं?" एका कोटाने नळीकडे बोट दाखवलं.

"बदक," सर म्हणाले, आणि क्षणभर थांबले, फक्त क्षणभर. "वरून शांत, खालून सतत पाय मारणारं. जातीचं नावच ठेवलंय आम्ही ते."

बाई हसल्या. त्यांना कळलं होतं, तिला दिसलं की त्यांना सगळं कळलं होतं. जाताना त्यांनी तिचा हात हातात घेतला. "उत्तम काम," त्या म्हणाल्या. "दुसरी टाकी नक्की. बसवणार कुठे?"

"शेजारीच," सरांनी दार उघडून दाखवलं. आत मुलं जमिनीवर बसून खडू उतारावरून सोडत होती. मावशी उठून उभी राहिली.

"तिथे मुलं आहेत," भिंगरीची आई म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

कारखान्याच्या बाईंनी मुलांकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या निचऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आमच्याकडेही होतं पूर्वी," त्या म्हणाल्या, आणि पूर्वीनंतरचं काही बोलल्या नाहीत.

"मॅडम," सर हळूच तिच्या कानाशी म्हणाले, "तुम्हीच तर दाखवलंत. मोठं काही हवं तर थोडं सोडावं लागतं."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी खोली रिकामी झाली. मावशीने पडदे काढून घड्या केल्या. टाकीवाल्याने छोट्या खुर्च्या एकात एक घालून जिन्याखाली नेल्या. तो गेले काही दिवस विनोद करत नव्हता. दुसरी जागा बघू, असं सरांनी आश्वासन दिलं होतं. सरांची आश्वासनं ही कात्रीतून सुटलेली एकमेव गोष्ट होती, कारण ती कुठे लिहिलेलीच नसत. आत्याच्या घरी भिंगरीची पिशवी आधीच गेली होती.

मावशी पदर खोचून तिच्यापाशी आली. "भिंगरीला म्हणावं, मावशी दुकानात असते." मग तिने भिंगरीच्या गालाला हात लावला, आणि पडद्यांचं गाठोडं उचलून निघून गेली.

भिंगरी भिंतीवर टेपने आखलेल्या खुणांवरून बोट फिरवत होती.

"इथे काय येणार?"

"टाकी. मोठी."

"एक आहे ना पण."

"त्या एकीत काम चांगलं झालं. म्हणून दुसरी आली."

"कुणी केलं चांगलं?"

तिला अभिमानाने सांगता आलं असतं. "मी," ती म्हणाली, आणि लेकीच्या बुटाचं बक्कल लावायला खाली बसली.

"आणि वाईट केलं असतंस तर?"

"तर टाकी आली नसती."

"मग आम्ही इथे राहिलो असतो? मावशी पण?"

"हो."

भिंगरीने दुसरा पाय पुढे केला. दुसरं बक्कल लागत नव्हतं. सुटून सुटून जात होतं. भिंगरी वरून बघत राहिली, आईच्या डोक्याकडे, हातांकडे. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, नुसती चौकशी होती.

"मग तू वाईट का नाही केलंस, आई?"